वृद्धाश्रमातल्या ३० जणांसाठी खुर्च्या घ्यायच्या आहेत. सोफे घ्यावेत की प्लास्टिकच्या खुर्च्या?

तुमच्या प्रश्नात दोन पर्याय आहेत. एक देणगीदार बैठकीच्या खोलीसाठी रेक्झिनचे सोफासेट द्यायला तयार आहेत, आणि समितीतल्या काहींना हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या स्वस्त आणि धुवायला सोप्या वाटतात. राहणारे ३० जण, बहुतेक पंच्याहत्तरीच्या पुढचे.

माझ्या मते दोन्ही नकोत. तेवढ्याच पैशांत कमी नग आले तरी चालतील, पण सुट्या, हात असलेल्या, लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याच्या खुर्च्या घ्या. देणगी नाकारणं अवघड असतं, म्हणून समितीपुढे मांडता येतील अशी कारणं लिहितो.

म्हातारं माणूस खुर्चीतून कसं उठतं ते एकदा शेजारी उभं राहून बघा. आधी ते सरकत सरकत बैठकीच्या कडेला येतं. मग पावलं मागे, गुडघ्यांच्याही आत घेतं. दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकांवर रोवतं. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकतं, आणि त्यानंतर बूड उचलतं. सोफा यातली प्रत्येक गोष्ट अडवतो. नेहमीच्या सोफ्याची बैठक २१-२२ इंच खोल असते, म्हणून कडेला येण्यातच दम जातो. बसल्यावर ती दबून १४-१५ इंचांवर येते. खालचा भाग बंद असतो, पाऊल मागे जातच नाही. तीन जणांच्या सोफ्यावर मधे बसलेल्याला धरायला काही नसतं. मग मावशी काखेत हात घालून ओढतात आणि खांदा दुखावतो. लघवीला उठायचं तरी दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून आजी पाणीच कमी पितात. हे सगळं त्या २२ इंचांपासून सुरू होतं.

प्लास्टिकच्या खुर्चीची अडचण वेगळी आहे. ती हलकी असते आणि तिचे पाय गुळगुळीत टाइल्सवर फाकतात. एका हातावर सगळा भार देऊन उठताना ती सरकते किंवा कलते. उन्हात राहिलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पाय मुळाशी तडकतो, तोही बरोबर कुणीतरी धपकन बसताना. अंगणात पाहुण्यांसाठी ठेवायला ती ठीक आहे.

आता मापं. कॅटलॉग उघडायच्या आधी शिंप्याची टेप आणि एक वही घ्या. प्रत्येकाला कडक बाकावर, रोजची चप्पल घालून, पावलं जमिनीला पूर्ण टेकवून बसवा आणि चार आकडे लिहा: जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत, पाठीमागून त्याच घडीपर्यंत, कमरेखालची रुंदी, आणि बाकापासून वाकवलेल्या कोपरापर्यंतची उंची. ३० जणांना एक दुपार पुरते.

पहिला आकडा म्हणजे बैठकीची उंची. आपल्याकडच्या आजींचा तो बहुधा १५-१६ इंच निघतो, आजोबांचा १६ ते साडेसतरा. गुडघे बरे असतील तर बैठक तेवढीच ठेवा. संधिवात असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर १ ते २ इंच जास्त. ऑपरेशननंतर पहिले काही महिने डॉक्टर सांगतील तेच माप धरा. त्याहून उंच नको. पाय लोंबकळले की बैठकीची कड मांडीला खालून दाबते, पावलं सुजतात, आणि पाय टेकवायच्या नादात माणूस पुढे घसरत राहतं. परदेशी कॅटलॉगातल्या १९-२० इंची खुर्च्या 'ज्येष्ठांसाठी खास' म्हणून विकल्या जातात, त्यात हेच होतं.

दुकानदार सांगतो ती उंची रिकाम्या खुर्चीची असते. ४ इंची फोम माणसाखाली एक-दोन इंच दबतो. म्हणून साधारण ६० किलोच्या माणसाला खुर्चीत बसवा, मांडीखालून आडवी पातळ प्लायची पट्टी अशी सरकवा की टोक बाजूने बाहेर येईल, आणि जमिनीपासून पट्टीपर्यंत मोजा. तेच खरं माप. यापुढे मी उंचीचे जे आकडे देतो आहे ते दबलेल्या बैठकीचे समजा.

सगळ्यांना एकच उंची देऊ नका. साडेपंधरा, सतरा आणि साडेअठरा अशा तीन उंचींत बहुतेक आश्रमांचं भागतं. कुठली किती घ्यायची ते वहीच सांगेल. दिसायला खुर्च्या एकसारख्याच ठेवा, फक्त मागच्या पायावर रंगाचा पट्टा द्या. पट्टा बसणाऱ्यासाठी नाही, मदतनिसांसाठी आहे. झाडून झाल्यावर खुर्च्या हमखास अदलाबदल होतात.

बैठक किती खोल हवी ते दुसऱ्या आकड्यावर ठरतं. पाठ पूर्ण टेकलेली असताना बैठकीची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. ठेंगण्या आजींना १६ इंच पुरतात, उंच आजोबांना १८. बैठक जास्त खोल असेल तर पाठ टेकवायच्या प्रयत्नात माणूस माकडहाडावर येतं, आणि तिथेच पुढे कातडी सोलवटते.

बैठकीची रुंदी कमरेखालच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे इंचभर जास्त, म्हणजे १८ ते २० इंच. इथे आपल्याकडची एक सवय लक्षात घ्या. खूप जणी खुर्चीतही एक पाय वर घेऊन किंवा चक्क मांडी घालून बसतात, आणि ते सांगून सुटत नाही. अशांसाठी २१ इंची चार-पाच खुर्च्या वेगळ्या करून घ्या. सगळ्यांना रुंद दिल्या तर बारीक अंगाचं माणूस एका बाजूला कलतं, आणि उठताना दोन्ही हातांवर भार देता येत नाही.

खुर्चीचे हात दबलेल्या बैठकीपासून ७ ते साडेआठ इंचांवर असावेत. खांदे वर न चढता कोपर टेकलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं, ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत, टोक मुठीत मावेल असं गोल आणि कडा घासून बोथट केलेलं. मधेच संपणारे ऐटदार, वळणदार हात दिसायला छान असतात, पण उठताना पंजा ठेवायला तिथे काहीच नसतं. बैठकीखाली पुढच्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी नको, पाऊल तिथेच मागे जायचं असतं. मजबुतीसाठी सुताराला पट्टी हवीच असेल तर बाजूंना आणि मागे घालू द्या. लाकडी खुर्चीचे सांधे खाच पाडून, सरस लावून बसवलेले घ्या. नुसत्या खिळ्यांवरचा हात वर्षभरात हलायला लागतो.

बैठकीचा उतार मागे जेमतेम असावा, १६ इंचांत अर्धा-पाऊण इंच. पाठ काटकोनात नको, १०० ते १०५ अंश. आरामखुर्चीसारखी झोकदार पाठ बघायला सुखाची, पण तिच्यातून कुणी स्वतः उठत नाही.

पाठीला बाक आलेल्यांकडे वेगळं बघावं लागतं. सपाट, कडक पाठीला त्यांचं कुबड टेकतं, डोकं पुढे ढकललं जातं, आणि समोरच्या माणसाऐवजी जमीन दिसते. त्यांच्या खुर्चीत पाठीच्या वरच्या अर्ध्या भागात मऊ भरण घाला आणि पाठ थोडी जास्त कलती ठेवा. डोक्यापर्यंत उंच पाठ बसल्या बसल्या पेंगणाऱ्यांनाच द्या. दोन्ही बाजूंना कानासारखे पंख असलेली खुर्ची बैठकीच्या खोलीत नकोच. कमी ऐकू येणाऱ्याला शेजारच्याचं तोंड दिसावं लागतं.

फोममध्ये सर्वात जास्त फसवणूक होते, कारण कापड चढल्यावर आतलं काही दिसत नाही. बैठकीला ४० घनतेचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो भरणारा), ४ इंची फोम सांगा. सोफ्यात बहुधा ३२ किंवा त्याहून हलका असतो आणि तो लवकर बसतो. तपासायची पद्धत सोपी आहे: कापड चढवायच्या आधी तुकडा काट्यावर ठेवा. १८ बाय १८ बाय ४ इंचांचा ४० घनतेचा तुकडा साधारण ८५० ग्रॅम भरतो, ३२ चा ६८० च्या आसपास. पुढे दर सहा महिन्यांनी, माणूस बसलेलं असताना, गादी आणि खालची फळी यांच्यामध्ये तळहात वर करून सरकवा. बसायचं हाड हाताला लागलं तर फोम संपला. मेमरी फोम उन्हाळ्यात तापतो आणि त्यात रुतल्यावर हलणं अवघड होतं, बैठकीला तो नको. वेताची विणलेली बैठक हवेशीर असते, पण ती मधे झोळ धरते आणि पुढची लाकडी कड मांडीत रुतते. दर दोन-तीन वर्षांनी विणून घ्यायची तयारी असेल तरच घ्या.

रेक्झिन पुसायला सोपं हे खरं. पण त्यावर घाम येतो आणि साडी नेसलेलं माणूस त्यावरून घसरत पुढे येतं. जंतुनाशकाने ते कडक होऊन शिवणीत फाटतं, आणि एकदा फटीतून लघवी आत गेली की फोम टाकून देण्यावाचून इलाज नाही. बैठकीला पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं ताणलं जाणारं जलरोधक कापड घ्या, पाठीला साधं धुता येणारं चालेल. शिवण बसायच्या जागेवर नको, बाजूला असावी. चेन मागच्या बाजूला, खालून. बटणं ठोकलेली, खळगे पडलेली नक्षी अजिबात नको. बैठक आणि पाठ यांत इंचभर मोकळी फट ठेवली की पोळीचे तुकडे आणि गोळ्या तिथे अडकून राहत नाहीत. प्रत्येक बैठकीला दोन खोळी करून घ्या.

लघवी झाली तर आधी साबणपाण्याने पुसून काढा. मग ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलिलिटर १ लिटर पाण्यात घालून त्याने पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, आणि ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

रंग एकच, गडद, फरशीहून वेगळा. फिकट टाइल्सवर फिकट बैठक असली की नजर कमी झालेल्यांना कड कळत नाही आणि ते हवेत बसतात. फुलांची किंवा ठिपक्यांची नक्षी स्मृतिभ्रंश असलेल्यांना किडे वाटू शकते, ते ती वेचत बसतात.

चाकं कुठल्याही खुर्चीला नकोत. पायांना रबरी बूट हवेत, आणि ते तुमच्याच फरशीवर, ओली असताना, ढकलून बघा. शक्य तिथे खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बरेच जण गुडघे अर्धे वाकले की अंग सोडून देतात आणि खुर्ची मागे पळते.

ज्यांना स्वतःहून कूस किंवा भार बदलता येत नाही त्यांची गोष्ट निराळी. त्यांना चांगल्यातल्या चांगल्या खुर्चीतही सलग २ तासांहून जास्त बसवू नका. मधे भोक असलेली रबरी रिंग अजूनही सर्रास दिली जाते, ती बंद करा. भोकाभोवतीच्या कातडीवर सगळा दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. दाब कमी करणारी वेगळी गादी द्यायची तर ती २-३ इंच उंची वाढवते: पाय लोंबकळतात, हात खाली राहतात. म्हणून त्या माणसाची खुर्ची गादीसकट मोजून निवडा. पाय टेकायला पाट दिलात तर उठायच्या आधी तो काढायचा, हे मदतनिसांच्या अंगवळणी पाडा. घडीच्या व्हीलचेअरची कापडी बैठक झोळीसारखी असते. ती ने-आण करायला ठीक आहे, दिवसभर बसायला नाही.

विजेवर उठवणारी रिक्लायनर खुर्ची एक-दोघांना खरोखर उपयोगी पडते, पण वीज गेली की माणूस आडवं अडकतं. बॅटरी असलेलीच घ्या. हाताने चालवायच्या रिक्लायनरचा पायटेका बंद करायला पोटऱ्यांत जोर लागतो, आणि तो नसतो म्हणूनच तर ती खुर्ची घेतलेली असते.

पडतील म्हणून कुणाला मुद्दाम खोल, खालच्या खुर्चीत बसवणं किंवा समोर ट्रे अडकवणं म्हणजे बांधून ठेवणंच झालं. असं कुठे होत असेल तर थांबवा.

आहेत त्यांतल्या चांगल्या लाकडी खुर्च्या ठेंगण्या असतील तर फेकू नका. बैठकीवर उशी टाकली की हात खाली राहतात, त्यापेक्षा पायांखाली उंची वाढवा. चारही पायांना सारखे लाकडी ठोकळे, प्रत्येकात पाय बसेल अशी निदान इंचभर खोल खाच, खाली रबर. विटा नकोत.

ऑर्डर देण्याआधी तीनही उंचींची एकेक नमुना खुर्ची आणवा आणि पंधरा दिवस वापरात ठेवा. रोज संध्याकाळी वहीत टिपा: कोण पुढे घसरलं, कोणाला उठायला किती वेळा प्रयत्न करावा लागला, कोणाची पावलं सुजली, कोण तिच्यात बसायलाच तयार नाही. सुतार त्या वहीवरून दुरुस्त्या करेल. उरलेल्या पैशांतून रबरी बुटांचे दोन जादा संच घेऊन ठेवा, पहिल्यांदा तेच झिजतात.