मंडळाच्या स्टॉलवर मिसळ संपली म्हणून हॉटेल काढावं का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. मिस्टर आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी आणि मुलगी डिपेंडंट. मंडळाच्या गणपतीत मी मिसळ आणि पुरणपोळीचा स्टॉल लावते तो दोन तासात रिकामा होतो, सगळे म्हणतात आता हॉटेलच काढा. एक बंद पडलेलं कपड्यांचं दुकान भाड्याने मिळतंय, सेव्हिंग्ज आहेत. सासूबाई दरवर्षी उन्हाळ्यात सहा महिने येतात, त्यांच्या हाताला चव आहे आणि त्या म्हणतात पोळ्यांचं मी बघते. मिस्टर संध्याकाळी काउंटर सांभाळतील. विचारायचंय हे की गोऱ्या लोकांसाठी तिखट कमी करावं का, मेन्यूत बटर चिकन ठेवावं का? की फक्त आपलंच मराठी ठेवावं?

उत्तर : बटर चिकनचं नंतर बघू, आधी सासूबाई. त्या व्हिजिटर व्हिसावर येत असतील तर तुमच्या हॉटेलच्या किचनमध्ये लाटणं हातात धरायचं नाही, पगार न घेता, हौस म्हणून, घरचंच तर आहे म्हणून, काहीही म्हणून नाही. कामाची परवानगी नसलेला माणूस सापडला तर मालकाला पहिल्याच वेळी माणशी 45,000 पौंडापर्यंत दंड होऊ शकतो. मिस्टरांचंही तसंच, त्यांचा व्हिसा त्यांच्या नोकरीसाठी आहे, त्यावर स्वतःचा धंदा चालवता येत नाही, त्यामुळे काउंटरवर उभं राहण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा. तुम्ही डिपेंडंट आहात म्हणून तुम्हाला मात्र स्वतःचा व्यवसाय करता येतो. म्हणजे ज्याला तुम्ही 'आम्ही' म्हणताय ते कागदावर एकट्या तुम्हीच आहात. आणि गावाकडून आचारी आणू म्हणाल तर 2025 च्या जुलैपासून शेफसाठी नवा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळणं जवळपास बंदच झालंय.

आता स्टॉल. गणपतीला आलेले लोक वर्षातून एकदा हौसेने खातात, त्यांचं कौतुक खरं असतं पण मंगळवारी रात्री पावसात ते तुमच्याकडे येणार नाहीत, कारण मिसळ त्यांना घरी करता येते. ही गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे बघा. पाटण्याचा दीन मोहम्मद 1810 साली लंडनमध्ये जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाउस काढून बसला, हुक्का, बांबूच्या खुर्च्या, सगळा थाट. त्याला वाटलं हिंदुस्तानात नोकरी करून परतलेले साहेब लोक येतील. पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी आपले स्वयंपाकी होते, असं कारण सांगतात, आणि 1812 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. (माणूस खमका, नंतर ब्रायटनला चंपीचं स्नानगृह काढून राजाचा चंपीवाला झाला!) तुमची मंडळाची मंडळी म्हणजे ते साहेब लोक.

याउलट सिल्हेटचे, म्हणजे आताच्या बांगलादेशातले, खलाशी. बोटीवर इंजिनरूममध्ये कोळसा ओढणारे हे लोक इंग्लंडात उतरले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातल्या काहींनी पडझड झालेली कॅफे आणि चिप्सची दुकानं स्वस्तात घेतली. बोर्डावरचे फिश अँड चिप्स त्यांनी काढले नाहीत, शेजारी करी-भात ठेवला, आणि पब बंद झाल्यावरही दुकान उघडं ठेवलं. पिऊन आलेला माणूस आधी चिप्सवर करीचा रस्सा घ्यायचा, मग हळूहळू पूर्ण ताट. आज तिथल्या बहुतेक जुन्या 'इंडियन' हॉटेलांच्या मागे सिल्हेटी कुटुंबं आहेत. त्यांनी पहिल्यापासून अनोळखी माणसाला विकलं, एवढाच फरक.

पण त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमतही बघा, कोर्मा म्हणजे गोड, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे अजून तिखट, अशी तिखटाची पट्टी बनली आणि गोव्याच्या विंदालूतलं व्हिनेगर-लसूण गेलं बाजूला. म्हणून माझं मत असं की बटर चिकन ठेवू नका, ते तिथे प्रत्येक गल्लीत मिळतं आणि तुमच्यापेक्षा स्वस्त. पण एक पदार्थ असा ठेवा जो रस्त्यावरून जाणाऱ्याला न समजावता कळेल. चिप बटी, म्हणजे पावात चिप्स भरून खाणाऱ्या देशात वडापाव समजावून सांगावा लागत नाही. दोन कॉलेजमित्रांनी 2010 मध्ये लंडनच्या हाउन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव काढला आणि त्याच्या शाखा झाल्या, आणि वडापाव आपले लोकही घेतात कारण दोन वड्यांसाठी घरी कढई कोण चढवतंय. तिखट कमी करू नका, ठेचा वेगळ्या वाटीत द्या.

एक गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकात फार त्रासदायक आहे ती म्हणजे अॅलर्जी. तिथल्या कायद्यात 14 अॅलर्जन (अॅलर्जी होऊ शकते असे पदार्थ) आहेत आणि त्यातले शेंगदाणे, तीळ, मोहरी, गहू, दूध हे तर आपल्या एका थाळीत येतात. कूट कशात नसतो आपल्या? मोहरी प्रत्येक फोडणीत, आणि बाजारातल्या पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे तुमची भाकरी-पिठलं ग्लुटेन-फ्री म्हणून विकाल आणि हिंगामुळे फसाल. प्रत्येक पदार्थाचा तक्ता लिहून भिंतीवर लावा, हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचून. स्टॉललाही हे करा बरं का, मंडळाचा असला तरी.

पैशाचं : वर्षाची विक्री 90,000 पौंडांवर गेली की व्हॅट नोंदणी सक्तीची, म्हणजे दिवसाला साधारण अडीचशेचा गल्ला, हॉटेलला ते काहीच नाही. मग दहा पौंडांच्या ताटातले 1.67 सरकारचे. आणि डाळ-पीठ-भाजीवर व्हॅट शून्य असल्यामुळे तिथून परत मिळवायलाही काही नसतं. ताटाचा भाव पहिल्या दिवसापासून हा धरून ठरवा, नंतर वाढवला की लोक नाकं मुरडतात.

दुकानाची घाई करू नका. कपड्यांच्या दुकानाला धुराडं नसतं, फोडणीचा ठसका वरच्या फ्लॅटात गेला की तक्रारी सुरू, आणि बाहेर डक्ट काढायला बहुतेक वेळा प्लॅनिंगची परवानगी लागते. लीजमध्ये मध्येच बाहेर पडायची सोय आहे का आणि वैयक्तिक हमी मागतायत का हे वकिलाकडून वाचून घ्या. तोपर्यंत कौन्सिलकडे (तिथली नगरपालिका) फूड बिझनेस म्हणून नोंदणी करा, फुकट आहे, सुरू करायच्या किमान 28 दिवस आधी, आणि आठवडी बाजारात टेबल लावा, जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. तिथे परत येणारे किती ते मोजा, फक्त परत येणारे.

प्रश्न : इराण्यांनी आपल्याकडे हॉटेलं काढली तीही परक्या देशातच ना? ती सगळी कोपऱ्यावरच कशी? – एक वाचक, पुणे

उत्तर : हो की! यझद, केरमानकडून आलेली माणसं. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानायचे म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली असं सर्रास सांगतात, शिवाय दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक. धोबीतलावचं कयानी 1904 चं, डेक्कनचं गुडलक 1935 चं. विकलं काय, तर चहा, मस्का-पाव, आम्लेट, म्हणजे जे एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगाराला, क्लार्कला आणि कॉलेजच्या पोराला परवडेल ते, आणि काउंटरवर साबण-ब्लेडही. त्यांच्या घरचं इराणी जेवण नव्हेच. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 पासून आहे पण तिथला प्रसिद्ध बेरी पुलाव मेन्यूवर आला तो बऱ्याच दशकांनी.