मेक्सिको सिटीत घराखालच्या टॅकोच्या दुकानात पहिल्यांदा जायचंय. काय मागवावं, कसं खावं?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी चार महिने मेक्सिको सिटीत आहात, घराखालीच एक छोटी टाकेरिया आहे आणि रोज रात्री तिथे गर्दी असते. पण स्पॅनिश येत नाही, पाटीवरची नावं कळत नाहीत, म्हणून अजून आत पाऊल टाकलेलं नाही. पत्नी शाकाहारी आहेत, त्यांचं काय करावं हाही प्रश्न आहे.

आज रात्रीच जा. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करून जा: एका वेळी दोनच टॅको मागवायचे.

मी नोकरीच्या निमित्ताने त्या शहरात दोन वर्षं राहिले. पहिल्या रात्री वाटलं, भाषा येत नाही तर एकदाच सगळं सांगून टाकावं, आणि सहा टॅको मागवले. पहिला खाताना डोळे मिटले. दुसराही तसाच. चौथ्यापर्यंत येईतो टॉर्टियाने, म्हणजे टॅकोच्या मक्याच्या पातळ रोटीने, सगळा रस पिऊन टाकला होता, उचलली की मधोमध फाटत होती आणि मांसावर चरबी थिजायला लागली होती. दुकानाचा यात काही दोष नव्हता. टॅकोचं आयुष्यच दोन-तीन मिनिटांचं असतं. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस दोन खायचा, बोटं पुसायचा आणि तव्याकडे बघून म्हणायचा, "ओत्रोस दोस". आणखी दोन. त्याचा सहावा टॅको पहिल्याइतकाच गरम होता. पुढे त्या दुकानात मी जे काही शिकले, ते सगळं फिरून या दोन-तीन मिनिटांपाशीच येतं.

आता आत कसं शिरायचं ते. रांग शोधू नका, बहुतेक वेळा ती नसतेच. तव्यामागे उभ्या असलेल्या टाकेरोच्या, म्हणजे टॅको करून देणाऱ्याच्या, समोर जाऊन उभं राहा, नजर मिळाली की आधी "ब्वेनास नोचेस" म्हणा आणि मग "दोस दे पास्तोर, पोर फावोर", म्हणजे पास्तोरचे दोन द्या (पास्तोर काय ते पुढे सांगते). तो विचारेल, "कोन तोदो?" म्हणजे सगळं घालू का. सगळं म्हणजे बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर, पास्तोरवर बहुतेक ठिकाणी अननसाची चकतीही. "सी" म्हणा. बशी हातात येते, तिच्यावर अनेकदा प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते, बशी धुण्याचा वेळ वाचावा म्हणून. खाऊन झाल्यावर पैसे. कित्येक दुकानांत कोणी काही लिहून ठेवत नाही. शेवटी टाकेरो विचारतो किती झाले, आणि तुम्ही जो आकडा सांगाल तो मानला जातो. मला या एका रिवाजामुळे ते दुकान फार जवळचं वाटायला लागलं. रोख पेसो जवळ ठेवा. उभ्याने खाल्लंत तर डब्यात थोडी नाणी टाका. टेबलावर बसून खाल्लंत तर बिलाच्या १० ते १५ टक्के टीप देण्याची पद्धत आहे.

पहिल्या रात्री पास्तोरच का सांगतेय? कारण त्यात शिजवणं डोळ्यांसमोर चालतं. उभ्या सळईवर मसाला लावलेल्या डुकराच्या मांसाचे काप एकावर एक रचलेले असतात, शेजारी आगीची धग असते. या सबंध रचनेला ते "त्रोम्पो" म्हणतात, म्हणजे भोवरा, आणि आकार खरंच भोवऱ्यासारखा असतो. विसाव्या शतकात लेबनॉन आणि आसपासच्या भागातून आलेल्या लोकांनी शावर्माची ही उभी सळई मेक्सिकोत आणली. पुएब्ला शहरात तिच्यावरचं मांस पिटासारख्या रोटीत गुंडाळून "टॅको आराबेस" म्हणून खाऊ लागले, ते आजही तिथे मिळतात. पुढे मसाल्यात स्थानिक सुक्या मिरच्या आणि आचिओते नावाच्या बिया आल्या, रोटीच्या जागी मक्याची टॉर्टिया आली, आणि पास्तोर झाला. पास्तोर म्हणजे मेंढपाळ. नाव मेंढपाळाचं आणि मांस डुकराचं, यात हा सगळा प्रवास साठलेला आहे.

इथे एक गोष्ट नीट बघा. टाकेरो मांस भोवऱ्यावरून थेट तुमच्या टॉर्टियावर कापतोय, की आधीच कापून तव्यावर ढीग करून ठेवलेल्यातलं परतून देतोय? गर्दीच्या वेळी थेट कापतात, कारण बाहेरचा थर भाजून होतो न होतो तोच तो संपलेला असतो. म्हणून गर्दीला घाबरू नका, गर्दी हवीच. रात्री नऊनंतर जा.

पण खरी परीक्षा मांसाची नसते, टॉर्टियाची असते. माझं तर मत असं, की टॉर्टिया चांगली असेल तर नुसतं मीठ लावूनही तिचा टॅको होतो, आणि ती वाईट असेल तर वर काहीही घाला, उपयोग नाही. मेक्सिकोत मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन, साल काढून ओलेच दळतात. याला निक्स्तामाल म्हणतात आणि ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चुन्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येऊन ते लाटता-दाबता येतं, आणि तो वेगळा, थोडा मातकट गोड वास येतो. त्याहून मोठं म्हणजे, मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपियनांनी मका नेला, ही पद्धत मागेच राहिली. परिणामी जिथे गरीब लोक मक्यावरच जगायचे तिथे, उत्तर इटलीत आणि पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, पेलाग्रा या रोगाने फार माणसं मेली. कातडी सोलली जायची, भ्रम व्हायचा. नायसिनची कमतरता हे त्याचं कारण १९३७ नंतर स्पष्ट झालं. हे वाचल्यापासून मला टॉर्टियाकडे नुसतं वेष्टन म्हणून बघता येत नाही.

बघायचं काय, तर टॉर्टिया तव्यावरून थेट येते का. बोटांत धरून वाकवली तर तडा न जाता वाकायला हवी. पास्तोरच्या टॅकोला बऱ्याचदा दोन छोट्या टॉर्टिया एकावर एक देतात. खालची "कोपिया". ती टाकू नका. वरच्यातून जे सांडतं ते खालच्यावर जमतं आणि त्याचा आणखी एक लहानसा टॅको होतो.

अमेरिकेतला कुरकुरीत, आधीच दुमडून तळलेला टॅको तुम्ही खाल्ला असेल तर ती गोष्ट इथे शोधू नका. न्यू यॉर्कमधले मेक्सिकन रेस्टॉरंटमालक हुवेन्सिओ माल्दोनादो यांना तशा टॉर्टिया तळण्याच्या साधनाचं पेटंट १९५० मध्ये मिळालं, आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टॅको बेलने तो प्रकार सगळीकडे नेला. तळलेलं कवच आधी करून ठेवता येतं, तेवढा वेळ ते टिकतं. तुमच्या घराखाली जे आहे ते टिकण्यासाठी नाही.

साल्सा, म्हणजे चटण्या. समोर दोन-चार वाट्या असतील. लाल तिखट आणि हिरवी सौम्य, असं अजिबात धरून चालू नका. हिरवी, दिसायला मऊ आणि अॅव्होकॅडोसारखी, पण खरं तर कच्च्या सेर्रानो मिरचीची असू शकते. विचारा, "कुआल पिका मास?" जास्त तिखट कुठली, एवढाच अर्थ. आधी टॅकोच्या एका टोकावर थेंबभर घालून बघा. जीभ पेटली तर पाणी पिऊन काही होणार नाही, मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. दुधाचं काहीतरी किंवा कोरी गरम टॉर्टिया बरी. आणि लिंबू प्रत्येक टॅकोवर पिळा, त्यात कंजुषी नको.

खाताना बशीवर वाकायचं, टॅको तोंडाकडे न्यायचा नाही. अंगठा आणि दोन बोटांनी धरा, मागचं टोक थोडं वर उचला, मान तिरपी करा. काटा-चमचा मागू नका. हे सगळं दोन दिवसांत हाताला येतं.

पाटीवरच्या नावांपैकी इतकं लक्षात ठेवा: "रेस" म्हणजे गोमांस, "सेर्दो" किंवा "पुएर्को" म्हणजे डुक्कर, "पोयो" म्हणजे कोंबडी, पण टाकेरियात ती कमीच असते. "बिस्तेक" आणि "सुआदेरो" गोमांसाचे. सुआदेरो पोटाजवळचा तुकडा, चरबीत मंद शिजवून मग तव्यावर कडक केलेला, आणि माझा सगळ्यांत आवडता. "लेंग्वा" जीभ, "त्रिपा" आतडी, "सेसोस" मेंदू. काही खात नसाल तर हे शब्द आधी पाठ करा, वाढल्यावर विचारणं अवघड होतं.

दिवसाची वेळही बघावी लागते. मिचोआकानकडची "कार्नितास", म्हणजे स्वतःच्याच चरबीत शिजवलेलं डुक्कर, आणि इदाल्गोकडचं "बार्बाकोआ", मागेय म्हणजे घायपाताच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेलं मेंढीचं मांस, हे दोन्ही सकाळचे, विशेषतः शनिवार-रविवारचे. दुपारी उशिरा गेलात तर संपलेलं असतं. पास्तोर रात्रीचा.

आता तुमच्या पत्नींसाठी. इथे मला काळजीपूर्वक सांगायचंय, कारण माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीला एका ठिकाणी मी स्वतः "सिन कार्ने" (मांसाशिवाय) सांगून बीन्सचा टॅको खायला दिला आणि अर्धा खाऊन झाल्यावर कळलं की बीन्स डुकराच्या चरबीत परतलेले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं. "कार्ने" म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात फक्त गोमांस येतं, कोंबडी किंवा हॅम त्यात धरत नाहीत. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका". मान्तेका म्हणजे चरबी. बीन्सबद्दल आणि गव्हाच्या टॉर्टियाबद्दल हे हमखास विचारा. मक्याच्या टॉर्टियात सहसा मका, पाणी आणि चुनाच असतो.

घराखालच्या दुकानात त्यांना "नोपाल कोन केसो" मिळू शकेल, निवडुंगाच्या पानांचे भाजलेले काप आणि चीज. पण तवा तोच असेल, मांसाचाच. तो चालत नसेल तर त्यांना तिथे नेऊच नका. सकाळी भाजीबाजाराजवळ निळ्या मक्याचं पीठ घेऊन बसलेल्या बाया शोधा. त्यांच्याकडे भोपळ्याची फुलं, अळंबी, पोब्लानो मिरची घातलेले प्रकार असतात, आणि मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, "हुइतलाकोचे", तीही. तिची चव दमट मातीसारखी आणि गोडसर, मला फार आवडली. तव्याबद्दल तिथेही विचाराच. आणि मेक्सिको सिटीत "केसादिया" (सारण घालून दुमडलेली टॉर्टिया) म्हणजे आत चीज असेलच असं नाही, म्हणून "कोन केसो" वेगळं सांगा.

तुमच्या घराखालचं दुकान छोटं आहे म्हणून ते कमी प्रतीचं असेल, अशी शंका तुमच्या प्रश्नात मला दिसली. सान राफाएल भागातल्या १९६८ पासूनच्या "एल कालिफा दे लेओन" या खोलीभर टाकेरियाला २०२४ मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. मेन्यूत मोजके टॅको, दोन साल्सा, समोर दाबून भाजली जाणारी टॉर्टिया. बसायला जागा नाही. तुमच्याकडचं दुकान त्याच जातीचं असू शकतं, खाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?

निघताना अजून खात उभे असतील त्यांच्याकडे बघून "प्रोवेचो" म्हणा, म्हणजे चवीने खा. कोणीतरी तोंडातला घास गिळून "ग्रासियास" म्हणेल.