फॉर्मवर टिक करण्याआधी पॉलिसीचं पान काढा

प्रश्न : मी पुण्यात प्राध्यापक आहे. ऑगस्टपासून दहा महिने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात जे-१ व्हिसावर संशोधनासाठी जातोय. पगार इथलाच चालू राहील. पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा जे-२ वर सोबत येतील. एजंटने तिघांची प्रत्येकी ५० हजार डॉलरची ट्रॅव्हल पॉलिसी काढून दिली, ती विद्यापीठाने नाकारली. त्यांची पॉलिसी फारच महाग आहे. मी माझ्यापुरती ती घेतली, कुटुंबाची आहे तीच ठेवली आणि फॉर्मवर 'कुटुंबाचा विमा नियमानुसार आहे' अशी टिक केली, तर चालेल का? मुलाला दमा आहे.

उत्तर : सर, टिक करू नका. प्रीमियम वाचेल, पण व्हिसा पणाला लागेल. जे-१, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसाच्या, नियमांत विम्याची सक्ती तुमच्याइतकीच सोबतच्या पत्नी-मुलांनाही आहे. विमा घ्यायला जाणूनबुजून टाळाटाळ केली किंवा त्याबद्दल स्पॉन्सरला, म्हणजे या कार्यक्रमासाठी तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेला (बहुधा विद्यापीठालाच), खोटं सांगितलं, तर तुमचा कार्यक्रम संपुष्टात आणणं स्पॉन्सरला भागच असतं. म्हणजे विमा मुलाचा अपुरा आणि गाशा गुंडाळायचा तुम्ही; तुमचं जे-१ गेलं की त्यांचं जे-२ ही गेलं. कार्यक्रम नीट पूर्ण करणाऱ्याला निघायला ३० दिवस मिळतात, तेही मग मिळत नाहीत.

आता पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे रकमांचा तक्ता असलेलं पान, समोर घ्या. प्रत्येक आजार किंवा अपघातामागे वैद्यकीय खर्चाला किमान १ लाख डॉलर हवेत. मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवायला २५ हजार आणि रुग्णाला मायदेशी हलवायला ५० हजार. डिडक्टिबल, म्हणजे आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, एका आजारामागे किंवा अपघातामागे ५०० डॉलरच्या वर नको. तुमचे ५० हजार पहिल्याच ओळीला अडकतात. एजंट सरळ फसवतोय असं मला वाटत नाही. मे २०१५ पर्यंत ५० हजारच पुरत होते, त्याची माहिती तिथेच थांबलेली दिसते. विमा कंपनीचं रेटिंगही पाहतात, उदाहरणार्थ एएम बेस्ट या विमा कंपन्यांना रेटिंग देणाऱ्या संस्थेचं किमान 'ए-मायनस'.

विद्यापीठाचीच पॉलिसी घ्या असं मात्र कायदा म्हणत नाही. काही विद्यापीठं स्वतःच्या नियमाने ती सक्तीची करतात, तेवढं त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेलवर विचारा. सक्ती नसेल तर या निकषांत बसणारी दुसरी पॉलिसी निवडा आणि पैसे भरण्याआधी तिचा तक्ता त्यांच्याकडून मंजूर करून घ्या. 

मला खरी काळजी मुलाच्या दम्याची वाटते. नियमात बसणारी पॉलिसीसुद्धा जुन्या आजाराला प्रतीक्षा कालावधी लावू शकते. कागद चोख, आणि रात्री दोन वाजता इमर्जन्सीत नेब्युलायझर लावल्याचं बिल तुमच्या खिशातून, असं होऊ शकतं. म्हणून स्वस्त-महाग ठरवताना 'प्री-एक्झिस्टिंग'चं कलम आधी वाचा. विद्यापीठाची पॉलिसी दमा पहिल्या दिवसापासून धरत असेल, तर मुलापुरती तरी मी तीच घेईन. तिथल्या सरकारी मार्केटप्लेसवरच्या (आरोग्य विमा विकत घेण्याच्या सरकारी व्यवस्थेतल्या) पॉलिसींना जुना आजार नाकारता येत नाही, पण त्यांचं डिडक्टिबल बऱ्याचदा पाचशेच्या वर जातं आणि पार्थिव किंवा रुग्ण मायदेशी नेण्याचा खर्च सहसा त्यात नसतो. प्रस्ताव अर्जात दमा लपवू नका, क्लेम तिथेच फेटाळला जातो. पंप आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

राहिली आधीची पॉलिसी. ती अजून सुरू झालेली नाही, तेव्हा एजंटला फोन करत बसण्यापेक्षा थेट कंपनीला रद्द करण्याचा ईमेल पाठवा. विद्यापीठाचं नकाराचं पत्र जोडा. थोडी कपात होईल, ती किती हे पॉलिसीच्या अटींत असतं. 'जे-१ ला चालते' असं एजंटने व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर तो मेसेज जपून ठेवा. कंपनीने महिनाभर दाद दिली नाही तर विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, आणि वकीलही लागत नाही. पण रद्द करायचं ते पॉलिसीची तारीख सुरू होण्याआधी. नंतर परताव्याचं गणित फार अवघड होतं.