टेबल नीटनेटकं म्हणजे निष्ठा का?

प्रश्न : मी बँकेत चार वर्षं क्लार्क आहे. माझं टेबल आवरलेलं, डायरी रोजची. साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, 'हिची बँकेवर निष्ठा आहे.' शेजारच्या सहकाऱ्याच्या टेबलावर पसारा असतो, त्याला मात्र टोमणे. हे बरोबर आहे का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, मी चौतीस वर्षं बँकेत काढली. माझा ड्रॉवर सगळ्यात नीट कधी होता सांगू? दुसऱ्या नोकरीच्या परीक्षेला बसलो होतो त्या वर्षी! अभ्यासाला वेळ हवा म्हणून व्हाउचरं पाचच्या आत लावलेली असायची. साहेब खूश. (परीक्षेत नापास झालो, ते सोडा.)

मायर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये निष्ठेचे तीन धागे सांगितले: संस्थेबद्दलची ओढ, कर्तव्याची भावना आणि सोडून गेलो तर होणारं नुकसान. टेबल बघून यातला कुठला, हे कळत नाही.

पण डायरी सोडू नका. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, एप्रिलात व्याजावर कर कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचे फॉर्म, कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की ते खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज. तारखा हाताशी असल्या की काउंटरवर चिडचिड होत नाही, संध्याकाळी घरी वेळेवर जाता येतं आणि मग नोकरीही आवडू लागते. माझं तरी तसंच, हळूहळू झालं.

त्या सहकाऱ्याची कॅश रोज जुळते का, एवढंच बघा. जुळत असेल तर साहेबांना तसं सांगा.