परदेशात कार्यक्रम मूल्यमापनाचं प्रशिक्षण रंजक कसं करावं?

ठाण्यातल्या संस्थेकडून काठमांडूला जाऊन तिथल्या कार्यकर्त्यांना मूल्यमापन, म्हणजे एखाद्या उपक्रमाचा खरंच किती उपयोग झाला हे तपासणं, शिकवायचं आहे ना? मग पहिल्या सकाळी स्लाइड उघडूच नका. खाण्यापासून सुरुवात करा.

सराव इथेच होईल. सहकाऱ्यांना घेऊन मामलेदार मिसळ खायला जा आणि विचारा, चांगली मिसळ कशाला म्हणायचं? कुणी तर्री म्हणेल, कुणी फरसाणाचा कुरकुरीतपणा, कुणाला तिखट सोसतच नसेल. निकष ठरवा, पाचपैकी चार गुण नेमके कशाला ते लिहा, मग प्रत्येकाने एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. गुण जुळत नाहीत आणि खरी चर्चा तिथे सुरू होते: हे निकष ठरवले कुणी? खाणाऱ्याने की दुकानदाराने? माझ्या मते मूल्यमापनाचा गाभा हाच आहे. काठमांडूत हाच खेळ मोमोवर घ्या. ज्या पदार्थाबद्दल त्यांची ठाम मतं आहेत तोच हवा.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेचे विकासकामं तपासण्याचे सहा निकष त्यानंतर काढा. १९९१मध्ये ते पाच होते, २०१९मध्ये सुसंगतीचा, म्हणजे उपक्रम इतर कामांशी किती जुळतो याचा, सहावा आला. तोवर लोकांनी स्वतःचे निकष मांडलेले असतात, त्यामुळे तुलना करायला मजा येते.

दुपारच्या सुस्तीवर ‘सर्वात महत्त्वाचा बदल’ ही पद्धत उत्तम. मूल्यमापन तज्ज्ञ रिक डेव्हिस यांनी ती बांगलादेशात विकसित केली. प्रत्येकाने आपल्या कामातल्या बदलाची गोष्ट सांगायची, गटाने एक निवडायची आणि का निवडली ते सांगायचं. हे नेपाळीतच होऊ द्या. तक्ते देवनागरीत असल्याने तुम्हालाही बरंचसं वाचता येईल. आणि साहेबांसमोर कनिष्ठ मंडळी गप्प बसत असतील तर मतदान चिठ्ठ्यांनी घ्या.