बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी: पहिल्यांदा करताना

पाकिटातल्या मसाल्याने आमटी मालवणी होत नाही. ती होते ओला नारळ, आमसूल आणि तिरफळांमुळे (तिरफळं म्हणजे कोकणातली उग्र वासाची, मसाल्यासारखी वापरायची छोटी फळं). एवढं जमवा, बाकीचं पुढे बघू.

४ बांगड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, भिजवलेल्या ६-७ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद. वाटण गंधासारखं बारीक हवं. रवाळ राहिलं की चोथा खाली बसतो, वर नुसतं पाणी.

तिरफळं ८-१० पुरेत. आतली काळी बी काढाच, ती दाताखाली कचकच लागते. सालं नुसती ठेचून घाला. वाटणात वाटलीत तर आमटी कडवट होते.

नवे लोक हमखास इथे चुकतात:
- कांदा-टोमॅटोची फोडणी देतात. या आमटीला फोडणीच नसते.
- चिंच घालतात. ४-५ आमसुलं घाला.
- डाव फिरवतात आणि बांगडा मोडतो. भांडं कडेने धरून हलवा.

वाटणात पाणी, तिरफळं आणि आमसुलं घालून रस्सा करा. तो उकळल्यावरच मासे सोडा, मंद आचेवर ५-६ मिनिटं. गॅस बंद केल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल तेल घालून झाकण ठेवा. गरम मसाला मात्र अजिबात नको, तिरफळाचा वासच मरतो.