मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस : नाट्यगृह की चित्रपटगृह?

चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस मुळात नाट्यगृह होते की चित्रपटगृह, आणि आज दिसणाऱ्या रूपात जुने किती, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : ही वास्तू रंगभूमीसाठीच बांधली गेली.

कलकत्त्याहून पूर्वेकडील शहरांत फिरत्या नाटक मंडळ्या पाठविणारे मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतील जहांगीर फ्रामजी कराका यांनी १९०८ मध्ये तिची कल्पना मांडली. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा काम अपुरेच होते. ते १९१२ मध्ये पुरे झाले आणि नंतरही त्यात भर पडत राहिली.

तिचे वेगळेपण आतील रचनेत आहे. शैली बरोक, म्हणजे जुन्या युरोपातील अलंकारप्रचुर, असली तरी तपशिलात युरोपीय आणि भारतीय घटकांची सरमिसळ आहे. रंगमंचासमोर वादकवृंदासाठी खोलगट जागा, स्टॉलच्या (तळमजल्यावरील आसनांच्या) मागे बॉक्स (छोटे स्वतंत्र कक्ष) आणि वर सज्जे अशी मांडणी होती, आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात अगदी वरच्या सज्जातल्या प्रेक्षकालाही प्रत्येक शब्द ऐकू जावा या हिशेबाने छत घडविले होते. आठ भागांत विभागलेल्या घुमटावर कवी, कादंबरीकार आणि नाटककारांना मानवंदना दिलेली आहे. प्रवेशदालनातील मोठी झुंबरे मुंबईतील व्यापारी ससून कुटुंबाच्या 'सां सुसी' या निवासस्थानातून आली. समोरचा दर्शनी भाग लांबलचक ठेवण्यामागे मात्र केवळ डौल नव्हता. घोडागाड्या आणि मोटारी थेट आत याव्यात, ही अगदी व्यवहारी गरज होती.

केवळ नाटकांच्या तिकिटांवर असे नाट्यगृह चालविणे अवघडच. १९१७ मध्येच पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीने येथे चित्रपट दाखविण्यास आरंभ केला, म्हणजे चित्रपट हा उतारवयातला उपरा पाहुणा नव्हे. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासारख्यांचे प्रयोगही येथे झाले. १९३० च्या दशकात आयडियल पिक्चर्सकडे मालकी गेल्यावर मात्र पडद्याच्या सोयीने अंतर्भाग बदलला. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ती विकत घेतली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी दारे बंद झाली.

आता दुसरा प्रश्न. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धारात चित्रपटकाळातील थर बाजूला सारून आरंभीचे बरोक रूप साधले. म्हणून आज दिसणारे सारेच १९१२ चे मानू नये; बराच भाग जुन्या पुराव्यांवरून पुन्हा घडविलेला आहे. चित्रपटाचा थरही इतिहासच होता, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही देशात टिकलेले हे एकमेव ऑपेरागृह (ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्य) असल्याने पहिल्या रूपाला दिलेले प्राधान्य मी योग्यच मानतो. मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने ते ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले, आणि पुढच्याच वर्षी या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला.